टॅमॉक्सिफेन, गर्भपिशवीचं जाड झालेलं अस्तर आणि पुन्हा ऑपरेशन

ओटीवरची | ३ जुलै, रात्री ११:२०

झोप येत नाहीये म्हणून लिहितेय. लांबेल, आधीच सांगते.

२०२१ च्या जूनमध्ये डाव्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या, मग आठ केमो, मग रेडिएशन. रिपोर्ट हार्मोन पॉझिटिव्ह होता, म्हणजे हार्मोनवर वाढणारी गाठ, म्हणून फेब्रुवारी २०२२ पासून टॅमॉक्सिफेन २० मिलिग्रॅम, रोज रात्री जेवणानंतर एक. मी पतपेढीत नोकरीला आहे, त्यामुळे मोजायची खोड. प्रत्येक पट्टीवर बॉलपेनने तारीख घालते. रिकाम्या पट्ट्या ह्यांनी श्रीखंडाच्या डब्यात साठवल्यात, पाच वर्षं झाली की होळीत टाकायच्या म्हणून. (प्लास्टिक होळीत टाकू नये हे मला माहीत आहे, लगेच कुणी लिहू नका.) आजवर साडेबाराशेच्या आसपास गोळ्या झाल्या.

पाळी केमोत गेली ती परत आलीच नाही. आणि गेल्या महिन्यात, वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, परकरावर डाग. रुपयाएवढा. चार वर्षं घरात माझं म्हणून पॅड नाही, मुलीचं मागून घेतलं. तिने काही न विचारता दिलं आणि रात्री माझ्या खोलीत येऊन झोपली.

साताऱ्यातल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले. आतून सोनोग्राफी केली, अस्तर १७ मिमी. डॉक्टर रिपोर्टवरून नजर न काढता म्हणाले, "वय बावन्न, दोन मुलं झालीत. पिशवीचं काम संपलंय, काढून टाकू. सोमवारी उपाशी या." मी बसले होते त्या खुर्चीची गादीसुद्धा गरम झाली नसेल एवढ्यात. पुण्यात माझ्या कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन केला तर त्या म्हणाल्या, एवढ्यात कुणालाही काहीही काढू देऊ नका, आधी हिस्टेरोस्कोपी (पिशवीत दुर्बीण घालून बघणं) आणि बायोप्सी (तुकडा घेऊन तपासणं).

आता घरात दोन पक्ष. सासूबाई म्हणतात, "एक गेलं तेव्हाच सगळं काढून मोकळं व्हायचं होतं." हे म्हणतात, पुण्याच्या मॅडम म्हणतील तसं. माझं मत कुणी विचारत नाही, आणि विचारलं तरी मला देता येणार नाही. मला फक्त पुन्हा त्या टेबलावर जायचं नाहीये. जी गोळी वाचवायला दिली तिनेच हे करून ठेवावं? बंद केली तर पहिलं परत येईल, चालू ठेवली तर हे.

कुणी यातून गेलंय का? कशाला काय म्हणतात तेही सांगा, मला नीट भांडता येईल.

वेलदोडा | ३ जुलै, रात्री ११:५२

ताई, मी गेलेय. माझं अस्तर २२ होतं. बावीस! तुमचं १७ ऐकून मला माझी ती रात्र आठवली. हिस्टेरोस्कोपीत एक पॉलिप निघाला, म्हणजे अस्तरातून वाढलेला मांसल कोंब, साधा. काढला, त्याच संध्याकाळी घरी. त्यानंतर आणखी दीड वर्ष टॅमॉक्सिफेन घेऊन पाच वर्षं पूर्ण केली. पिशवी अजून आहे. आता झोपा.

स्टेथो | ४ जुलै, सकाळी ६:४५

मी डॉक्टर आहे, तुम्हाला तपासलेलं मात्र नाही. तेव्हा हे समजून घेण्यासाठी वाचा, निर्णय तुमच्या डॉक्टरांबरोबर घ्या.

टॅमॉक्सिफेन स्तनाच्या पेशीत इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनला जागा मिळू देत नाही. पिशवीच्या अस्तरात मात्र ते स्वतःच थोडंसं इस्ट्रोजेनसारखं वागतं. बाई तीच, सासरी सून आणि माहेरी लेक. म्हणून अस्तर वाढतं, पॉलिप होतात, आणि थोड्या बायकांत पिशवीचा कॅन्सर होतो. हे काही कुणी लपवलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९६ मध्ये टॅमॉक्सिफेनला कॅन्सरकारक यादीच्या पहिल्या गटात टाकलं, आणि त्याच वेळी हेही नोंदवलं की दुसऱ्या स्तनातला कॅन्सर ते कमी करतं. दोन्ही खरं आहे.

किती थोड्या, ते सांगतो, कारण तुम्ही आकड्यांच्या माणूस आहात. 'ॲटलस' नावाचा मोठा अभ्यास २०१२ च्या शेवटी प्रसिद्ध झाला. पाच वर्षं गोळी झालेल्या जवळपास १३ हजार बायका, अर्ध्यांनी थांबवली, अर्ध्यांनी दहा वर्षांपर्यंत चालू ठेवली. पाचव्या ते चौदाव्या वर्षांत पिशवीच्या कॅन्सरचा धोका थांबवणाऱ्यांत १.६ टक्के, चालू ठेवणाऱ्यांत ३.१ टक्के. त्याने होणारे मृत्यू ०.२ आणि ०.४ टक्के. आणि हार्मोन पॉझिटिव्ह बायकांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू थांबवणाऱ्यांत १५, चालू ठेवणाऱ्यांत १२.२ टक्के. तुमच्या डॉक्टरांनी गोळी दिली ती हा हिशोब मांडूनच.

सोनोग्राफीतल्या १७ बद्दल. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बाईत हा आकडा फसवतो. अस्तराखालचा थर फुगतो, त्यात बारीक पोकळ्या होतात, चाळणीसारखं दिसतं, आणि मशीन ते सगळं अस्तर म्हणून मोजतं. आत दुर्बीण घातल्यावर अस्तर कागदासारखं पातळ निघालेलं मी पाहिलंय. म्हणूनच काही त्रास नसताना दर वर्षी सोनोग्राफी करत बसू नये असं म्हणतात. तुमचं वेगळं आहे, पाळी गेल्यानंतर अंगावरून गेलंय. ते एकदाच असो, रुपयाएवढं असो, तपासायलाच हवं. पण तपासायचं म्हणजे आत बघून, नेमक्या जागचा तुकडा घेऊन. आंधळं क्युरेटिंग, म्हणजे न बघता नुसतं खरवडणं, केलं तर पॉलिप बाजूला राहून जाऊ शकतो.

आणि न तपासता थेट पिशवी काढू नये याचं कारण: आत कॅन्सर निघाला तर ऑपरेशन वेगळं असतं, करणारी माणसंही वेगळी लागतात. नंतर 'अरे' म्हणून उपयोग नाही.

परळीकर | ४ जुलै, सकाळी ९:१०

त्या "सोमवारी या" वर मला लिहायचंय. मी बीड जिल्ह्यातला. आमच्याकडं पिशवी काढणं म्हणजे दाढ काढण्यासारखं झालं होतं. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांची पिशवी पंचविशी-तिशीत काढलेली. पाळीत कामावर खाडा पडला की मुकादम उचलीतून पैसे कापणार, आणि डॉक्टर कॅन्सरची भीती घालणार. २०१९ मध्ये ओरड झाली, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड बाया तपासल्या, त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी गेलेली. माझी सख्खी चुलती त्यात आहे. चाळिशीत कंबर गेली तिची.

ताईंची गोष्ट निराळी आहे, मला कळतंय. पण "काम संपलंय, काढून टाकू" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय, म्हणून अंगावर काटा येतो.

स्टेथो | ४ जुलै, सकाळी ९:३८

परळीकर, पूर्ण सहमत. फक्त एक भर. त्या बायांना कॅन्सरची भीती खोटी घातली गेली. ओटीवरची यांच्या बाबतीत भीती खरी असू शकते. म्हणून "काढायची नाही" असाही हट्ट आधीपासून धरू नये.

कडुलिंब | ४ जुलै, दुपारी १:१५

टॅमॉक्सिफेन हे विष आहे. ताबडतोब बंद करा. माझ्या मावशीला शतावरी आणि ज्येष्ठमधाने गुण आला होता. सकाळी अनशापोटी

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

वेलदोडा | ४ जुलै, दुपारी १:३१

कडुलिंब, अर्धाच काढला. आणि मावशीला काय झालं होतं? पाळीचा त्रास की हार्मोन पॉझिटिव्ह कॅन्सर? शतावरी आणि ज्येष्ठमध इस्ट्रोजेनसारखी वागू शकतात म्हणून माझ्या डॉक्टरांनी मला हात लावू नका सांगितलं होतं. आईकडून आलेला शतावरी कल्पाचा डबा शेजारणीला देऊन टाकला मी.

कडुलिंब | ४ जुलै, दुपारी १:४०

पाळीचा. बरं, मागे घेतो. पण बायकांना इतकी औषधं देतात त्याचा राग येतो.

ओटीवरची | ४ जुलै, रात्री १०:०५

कडुलिंब, राग मलाही येतो, तुमच्यापेक्षा जास्त. पण गोळी आज रात्रीही घेतली. तारीख घातली.

स्टेथो, तुमचा सून-लेकीचा दाखला सासूबाईंना वाचून दाखवला. म्हणाल्या, "मग माहेरीच त्रास देतेय की मेली." पहिल्यांदा हसू आलं घरात.

हिस्टेरोस्कोपी ९ तारखेला पुण्यात ठरली. साताऱ्याच्या डॉक्टरांना फोन करून सोमवारचं रद्द केलं. त्यांनी "तुमची मर्जी" असं म्हटलं आणि फोन ठेवला.

अनुस्वार | ५ जुलै, सकाळी ७:३०

नवऱ्याच्या बाजूने चार ओळी. माझ्या बायकोचं असंच झालं, गेल्या वर्षी. मी तेव्हा फाइल सांभाळायचं काम घेतलं आणि त्यालाच आधार देणं समजत होतो. तारखांप्रमाणे सेपरेटर, रंगीत कागद, सगळं. एक दिवस ती म्हणाली, तू फाइलशी बोलतोस. तेव्हापासून दवाखान्यातून निघाल्यावर पहिला अर्धा तास रिपोर्टबद्दल बोलायचं नाही असा नियम केला. कुठेतरी चहा प्यायचा, मग फाइल.

अवांतर: शीर्षकात 'टॅमॉक्सिफेन' बरोबर लिहिलंय. केमिस्ट 'टॅमोक्सीफीन' लिहितो तेव्हा मला गोळीपेक्षा जास्त त्रास होतो.

सांजवात | ५ जुलै, सकाळी ११:०२

मी दुसऱ्या गोळीवाली. लेट्रोझोल, शरीरात इस्ट्रोजेन बनणंच कमी करणारी, अडीच मिलिग्रॅम, चौथं वर्ष. हिला पिशवीचा त्रास नाही म्हणून मी निवांत होते. झालं काय, सकाळी उठल्यावर बोटं वळायची नाहीत. मग उजव्या हाताला मुंग्या, रात्री झोपेतून उठून हात झटकायचा. कार्पल टनेल. मनगटातल्या अरुंद जागेत नस दाबली जाते, आणि या गोळ्यांनी ते होतं हे मला नस पूर्ण दाबली जाईपर्यंत माहीत नव्हतं. मी समजत होते पोळ्या लाटून होतंय. पट्टा बांधला, मनगटात इंजेक्शन घेतलं, शेवटी गेल्या दिवाळीनंतर ऑपरेशन. वीस मिनिटांचं, हात बधिर करून. स्तनाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी रडले नव्हते, या वीस मिनिटांच्या ऑपरेशनला ढसाढसा रडले. नर्स म्हणे, अहो दुखतंय का? दुखत काहीच नव्हतं.

मुंग्या गेल्या. लोणच्याच्या बरणीचं झाकण मात्र अजून उघडत नाही.

मीनलची आई | ५ जुलै, दुपारी ३:४४

सांजवात, हो गं, त्या रडण्याचं कळलं.

गोळी बदलायचा विषय निघालाच तर सगळ्यांसाठी सांगते. माझ्या आईला अशाच गोळीने हाडं ठिसूळ झाली म्हणून दर सहा महिन्यांनी हाडांचं इंजेक्शन सुरू केलं, झोलेड्रोनिक ॲसिड. दातांचं कुणी विचारलं नाही. तिसऱ्या इंजेक्शननंतर तिने दुखणारी दाढ काढून घेतली आणि ती जखम भरलीच नाही. जबड्याचं हाड उघडं पडलं. ते खरवडून काढायला ऑपरेशन करावं लागलं, सात महिने पातळ खाणं. असं क्वचित होतं हे नंतर समजलं, पण झालं तेव्हा आमच्याकडे शंभर टक्के होतं. इंजेक्शन सुरू करण्याआधी दंतवैद्याकडे जा, काढायच्या दाढा आधी काढून घ्या, आणि दंतवैद्याला इंजेक्शनचं नाव लिहून द्या. एवढं एक वाक्य आम्हाला कुणी सांगितलं असतं तर.

ओटीवरची | १० जुलै, दुपारी ४:२०

काल झालं. पहाटे पाचला साताऱ्याहून निघालो. खंबाटकीच्या बोगद्यात ह्यांनी गाणी बंद केली आणि बोगदा संपल्यावर परत लावली, का ते त्यांनाही माहीत नाही. भूल दिली, अर्ध्या तासात बाहेर. आत एक मोठा पॉलिप होता, अंगठ्याच्या पेरा एवढा, आणि आजूबाजूचं अस्तर बऱ्यापैकी पातळ. म्हणजे १७ मधले बरेचसे मिमी खोटेच होते, स्टेथो. पॉलिप काढून पाठवलाय.

भूलतज्ज्ञ तरुण मुलगा होता. डाव्या हाताला रक्तदाबाचा पट्टा बांधायला लागला. मी म्हटलं, बाळा, या काखेतल्या गाठी काढल्यात, उजव्या हाताला बांध. म्हणाला, फाइलमध्ये बघितलं नाही, सॉरी. फाइल त्याच्या कोपराखाली होती.

परतीला अनुस्वारांचा नियम पाळला. शिरवळला मिसळ. अर्धा तास कुणी काही बोललं नाही, पण ते जरा जास्तच झालं.

वेलदोडा | १० जुलै, दुपारी ४:३५

पॉलिप! साधाच असणार. देवाला नारळ बोलते.

ओटीवरची | १६ जुलै, रात्री ९:१२

नारळ अर्धाच फोडा, वेलदोडा.

रिपोर्ट: पॉलिपमध्ये हायपरप्लेझिया, विथ एटिपिया. म्हणजे पेशी जास्तीच्या वाढल्यात, कॅन्सर नाही, पण त्यांचं वागणं सरळ नाही. मॅडमनी गोळी आजपासून बंद करायला सांगितली. आणि आता पिशवी काढायची. दोन्ही अंडाशयं आणि नळ्यांसकट.

म्हणजे साताऱ्याचे डॉक्टर बरोबर होते की काय? हा विचार मला खातोय. सासूबाईंनी तोंडाने म्हटलं नाही, नजरेने म्हटलं.

स्टेथो | १६ जुलै, रात्री १०:२६

उत्तर बरोबर आलं म्हणून गणित बरोबर होतं असं नाही, हे पतपेढीतल्या माणसाला मी काय सांगू. दहा दिवसांपूर्वी केलं असतं तर कुणाला काय काढतोय हे माहीत नसताना काढलं असतं. आता माहीत आहे, आणि त्याने ऑपरेशनच्या चार गोष्टी बदलतात.

एटिपिया असली की त्याच पिशवीत दुसरीकडे कॅन्सर आधीच असण्याची शक्यता असते. दुर्लक्ष करण्याइतकी ती लहान नाही. म्हणून कॅन्सरच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या टीमकडून करून घ्या. दुर्बिणीतून केलं तरी पिशवी आत तुकडे करून काढायची नाही, अख्खी काढायची, हे आधी विचारून घ्या. ऑपरेशन चालू असताना तुकडा तपासायला पाठवतात, त्याला फ्रोझन सेक्शन म्हणतात. ती सोय तिथे आहे का तेही विचारा.

गोळी बंद केली ते एटिपियासाठी आणि रक्ताच्या गुठळीसाठीही. टॅमॉक्सिफेनने पायातल्या शिरांत गुठळी व्हायचा धोका वाढतो आणि मोठ्या ऑपरेशननंतर तो आणखी वाढतो. गोळी शरीरातून जायला वेळ लागतो, दोन-तीन आठवड्यांचं अंतर म्हणूनच. तेवढ्या खंडाने पहिला आजार उठून बसत नाही.

ओटीवरची | १७ जुलै, सकाळी ६:१५

अंडाशयं कशाला? ती तर बिचारी काही बोलली नाहीत. आणि मुलीने कुठेतरी वाचलं, तांबीसारखं एक हार्मोनचं बसवतात, मिरेना, त्याने अस्तर पातळ होतं. ऑपरेशन टळतं का त्याने?

स्टेथो | १७ जुलै, सकाळी ७:०५

मुलगी हुशार आहे. मिरेना एरवी याच कामासाठी वापरतात. त्यात प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं हार्मोन असतं, आणि स्तनाचा कॅन्सर झालेल्या बाईत ते टाळतात. तुमचा रिपोर्ट तर हार्मोन पॉझिटिव्ह आहे. तेव्हा ते दार बंद.

अंडाशयांचं असं. टॅमॉक्सिफेन आता परत मिळणार नाही, उरलेली वर्षं लेट्रोझोलच्या जातीची गोळी लागेल. ती गोळी अंडाशयं झोपलेली असतील तरच उपयोगी. केमोत गेलेली पाळी म्हणजे अंडाशयं कायमची झोपलीच असं धरता येत नाही, कधीकधी जागी होतात, आणि मग ती गोळी फुकट. काही जणींना त्यासाठी दर २८ दिवसांनी पोटात इंजेक्शन घ्यावं लागतं. तुमच्या बाबतीत एकाच भुलेत तो प्रश्न निकालात निघतो.

सांजवात | १७ जुलै, सकाळी ८:२०

म्हणजे ताई माझ्या गोटात येणार. स्वागत करू की सांत्वन, कळेना.

अनुस्वार | १७ जुलै, सकाळी ८:५०

खर्चाचं बघून ठेवा. मेडिक्लेममध्ये आधीच्या आजाराचा मुद्दा काढून मंजुरी अडवतात, तेव्हा डॉक्टरांकडून "टॅमॉक्सिफेनमुळे, एटिपिया, तातडीची शस्त्रक्रिया" अशा शब्दांत पत्र घ्या. पॉलिसी नसलेल्या कुणी हा धागा वाचत असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राच्या टेबलावर चौकशी करा, रेशन कार्ड आणि आधार घेऊन.

ओटीवरची | १९ जुलै, रात्री १०:४०

तारीख मिळाली होती २९ जुलै. घरी सांगितली आणि सासूबाईंनी कालनिर्णय उघडून माझ्यापुढे ठेवलं. नागपंचमी.

"त्या दिवशी आपण विळीसुद्धा हातात धरत नाही. भाजी आदल्या दिवशी चिरून ठेवतो. आणि तुझं पोट कापायला द्यायचं?"

मी हसले, हे हसले. त्या नाही हसल्या. बाई ८१ वर्षांच्या आहेत, २०२१ मध्ये माझं डोकं भादरलं तेव्हा आपलंही भादरते म्हणून बसल्या होत्या, मुलांनी कसंबसं थांबवलं. रात्री त्या देवघरात दिवा मालवायला गेल्या त्या बाहेर येईनात. सकाळी मॅडमना फोन केला, भीत भीत. त्या म्हणाल्या, गुरुवारी ३१ ला घेऊ, माझ्या आईनेही हेच म्हटलं असतं.

मंचावर कुणी मला अंधश्रद्धाळू म्हणणार असेल तर म्हणा. दोन दिवसांनी काही बिघडत नाही असं विचारून घेतलंय.

परळीकर | १९ जुलै, रात्री ११:०३

कोण म्हणतंय. आमची आजी त्या दिवशी तवा पण चुलीवर ठेवू द्यायची नाही. पुरणाची दिंडं उकडून खायची फक्त.

वेलदोडा | २० जुलै, सकाळी ९:१४

तुमचं नाव आज नीट वाचलं. ओटीवरची. ओटीत दुखतंय, ओटीत न्यायचंय, आणि त्यात ओटी भरायची तीही. हे ठरवून घेतलं होतं का?

ओटीवरची | २० जुलै, सकाळी ९:५०

कसलं ठरवून! माहेरच्या घराला ओटी होती, तिथे बसून वाचायचे म्हणून घेतलं होतं, पंधरा वर्षांपूर्वी. पण खरं सांगू? काल आईची मैत्रीण भेटायला आली आणि जाताना नेहमीच्या सवयीने खण-नारळ घेऊन ओटी भरली. मी पदर पुढे केला आणि मनात आलं, दोन आठवड्यांनी भरतील ते कशात? मग तिच्यासमोर हुंदका आला. दोन मुलं झाली, त्या पिशवीकडे वीस वर्षं मी ढुंकून पाहिलं नाही, आणि आता जाणार म्हटल्यावर हे. स्तन गेला तेव्हा जगायचं की मरायचं असा सवाल होता, रडायला सवड नव्हती. या वेळी सवड आहे म्हणून रडतेय बहुतेक.

सांजवात | २० जुलै, सकाळी १०:०८

माझ्या मनगटासारखं.

मीनलची आई | २० जुलै, सकाळी १०:३०

पदरात भरतात गं. पदर कुठे जातोय?

ओटीवरची | ३० जुलै, रात्री ८:४५

दाखल झाले. कॅशलेस मंजुरी दुपारी चारला आली, तोवर हे लिफ्टच्या दारात उभे राहून फोनवर कुणाला तरी एटिपियाचं स्पेलिंग सांगत होते. पायात घट्ट पांढरे मोजे चढवलेत, गुठळी होऊ नये म्हणून. शाळेतल्या कवायतीची आठवण.

मुलीने एक काम केलंय. काळ्या मार्करने माझ्या डाव्या दंडावर मोठ्या अक्षरात लिहिलंय: "सुई नको. बीपी नको." फाइल कुणी वाचो न वाचो. रात्रपाळीच्या सिस्टर वाचून म्हणाल्या, अक्षर छान आहे, माझ्या पोरीचं असं नाही.

सासूबाईंनी काल विळी खरंच हातात धरली नाही.

परळीकर | ३१ जुलै, सकाळी ६:०२

ताई, नीट जा, नीट या.

ओटीवरची | २ ऑगस्ट, दुपारी १२:१०

आले. चार भोकं, त्यावर चार पट्ट्या. पिशवी अख्खी काढली, फ्रोझनमध्ये वाईट काही नाही, शेवटचा रिपोर्ट आठवड्याने. पोटात हवा भरतात ती नंतर खांद्यात दुखते हे मला कुणीच सांगितलं नव्हतं, काल रात्री हार्ट ॲटॅक आला म्हणून सगळ्यांना उठवलं. रोज पोटात हेपरिनची सुई आहे, तीही गुठळी होऊ नये म्हणून.

मार्कर जात नाहीये. खोबरेल तेल लावून बघितलं.

वेलदोडा | २ ऑगस्ट, दुपारी १२:१५

राहू दे तो. उरलेला अर्धा नारळ फोडला.

ओटीवरची | ९ ऑगस्ट, सायंकाळी ६:३०

रिपोर्ट आला. अस्तरात आणखी एका ठिकाणी एटिपिया, कॅन्सर कुठेही नाही. अंडाशयं साधी. मॅडम म्हणाल्या, वर्षभर थांबला असतात तर आपण वेगळंच बोलत असतो.

साताऱ्याच्या डॉक्टरांना रिपोर्टची झेरॉक्स पाठवावी का यावर घरात पुन्हा दोन पक्ष. मी पाठवणार आहे. सोबत पॉलिपचा पहिला रिपोर्टही.

आज राखीला भाऊ आला होता, त्याने श्रीखंडाचा डबा आणला, भरलेला. ह्यांनी लगेच विचारलं, आतलं संपल्यावर डबा मला मिळेल ना? टॅमॉक्सिफेनच्या दोन अख्ख्या पट्ट्या उरल्यात, त्यांचं काय करायचं तेही कुणी सांगा.

डेक्सा स्कॅन (हाडं किती ठिसूळ ते बघायला) सोमवारी, दंतवैद्याची वेळ मंगळवारी घेतलीय (मीनलची आई, तुमच्यामुळे). लेट्रोझोलची पहिली पट्टी समोर आहे. सांजवात, ही सकाळी घेता की रात्री?

सांजवात | ९ ऑगस्ट, सायंकाळी ६:४१

सकाळी, चहाबरोबर. रोज तीच वेळ ठेवा, बाकी कधीही चालते म्हणतात. उरलेल्या पट्ट्या तुमच्या केमिस्टला विचारा, कुणाला देऊ मात्र नका. आणि श्रीखंड आजच खा, घट्ट झाकण कुणाकडून तरी उघडून घेऊन. मनगटाला सवय लावायला नको.